बोडीत बीज टाकण्याआधी



मागच्या बैठकीत तीन गावांच्या गटांनी एकच प्रश्न विचारला, "आम्हाला बोडीत मासे करायचे आहेत, सुरुवात कशी करायची?" मी उभी राहिले, पाच मिनिटं बोलले आणि खाली बसले. घरी येताना मात्र मन खात होतं. आमच्या गटानेही असंच पाच मिनिटं ऐकून मासे सुरू केले होते, आणि ग्रामसंघाचं कर्ज पाण्यात गेलं होतं. खरोखरच पाण्यात. म्हणून या अंकात सगळं सविस्तर लिहिते आहे.

त्या वर्षी जुलै महिन्यात एक माणूस मोटारसायकलला डबे बांधून गावात आला. "दहा हजार पिल्लं आहेत, स्वस्तात देतो," म्हणाला. आम्ही डब्यात वाकून पाहिलं तर जिऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी वळवळत होतं. दहा हजार म्हटल्यावर आमचे डोळेच फिरले. दहा हजारातले निम्मे जगले तरी पाच हजार, एकेक अर्ध्या किलोचा धरला तरी अडीच हजार किलो, असा हिशेब आम्ही पाळीवर उभ्या उभ्याच केला. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि डबे बोडीत उलटे केले. मार्चमध्ये ओढजाळं लावलं तेव्हा दोन मोठ्या मरळी निघाल्या, ओंजळभर बारीक मासळी निघाली आणि सहा रोहू निघाले. मरळी विकून जाळेवाल्यांची मजुरी तेवढी सुटली. कर्जाचे हप्ते मात्र पुढचं दीड वर्ष आम्ही बचतीतून फेडले.

गावातल्या ढिवर समाजातल्या एक आजी त्या दिवशी पाळीवर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही मासे नाही टाकले बाई, मरळीले चारा टाकला." पुढे त्यांनीच आम्हाला पाणी बघायला शिकवलं. पुढच्या लिखाणातलं बरंचसं त्यांचं आहे, काही मत्स्य विभागाच्या प्रशिक्षणातलं आहे आणि काही आमच्या चुकांचं.

पहिली गोष्ट म्हणजे बोडीतले मासे येणार की जाणार, हे बरंचसं बीज टाकण्याआधीच ठरतं. आत्ता मे महिना आहे, बोड्या तळाला गेल्या आहेत. हीच वेळ आहे.

बोडी कोणाची आणि पाणी किती दिवस

आपले भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे तलावांचे. कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव, मालगुजारी गेल्यावर ज्यांना आपण मामा तलाव म्हणू लागलो, आणि शेतोशेतीच्या बोड्या. पण पाणी दिसलं म्हणजे ते आपलं होत नाही. मोठ्या तलावाचा मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो आणि त्यावर ढिवर कुटुंबांचं पोट असतं. तिथे गटाने शिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. करायचंच असेल तर संस्थेशी बोलून, त्यांना सोबत घेऊन करावं. जाळं ओढायला शेवटी त्यांच्याकडेच जावं लागतं. ग्रामपंचायतीची बोडी असेल तर मासिक सभेचा ठराव आणि लेखी करार घ्या, तोही एका वर्षाचा नको, निदान तीन वर्षांचा. पहिल्या वर्षी खर्च करून तुम्ही गाळ काढायचा, पाळ बांधायची, आणि दुसऱ्या वर्षी बोली दुसऱ्याची, असं होता कामा नये. सदस्याच्या शेतातली बोडी असली तरी कागद करा. नात्यात कागद कसला, असं म्हणतात, पण कागद नसला की नातंच जातं.

मग पाणी. रोहू, कटला यांना विकण्याजोगं व्हायला साधारण 8 ते 10 महिने लागतात आणि तेवढे दिवस बोडीत निदान 5 फूट पाणी हवं. आपली बोडी मुळात धानासाठी आहे. सप्टेंबरच्या शेवटी पावसाने दडी मारली की शेतकरी बोडी फोडून पाणी घेणारच आणि त्याने घ्यायलाच हवं. त्यामुळे "बोडीत किती पाणी शिल्लक ठेवायचं" हे आधीच ठरवून पाळीच्या आत एका बांबूवर लाल रंगाची खूण करा. तुमची बोडी दरवर्षी जानेवारीतच आटत असेल तर घाबरू नका, पण बीज मोठं घ्या. शंभरेक ग्रॅमचे, मागच्या वर्षी वाढवून ठेवलेले मासे काही मत्स्यबीज केंद्रांवर मिळतात. महाग पडतात, पण कमी दिवसांत तयार होतात. कमी दिवसांच्या पाण्यात लहान बीज टाकणं म्हणजे नुसती हौस.

आणखी एक बघा. वरच्या बांध्यांमधलं पाणी बोडीत उतरतं का? धानावर फवारणी झाली आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आला की ते औषध थेट माशांवर येतं. एक छोटी नाली खणून ते पाणी बाजूने काढून द्या.

मरळीचं काय करायचं

मरळ ही चवीला सगळ्यात चांगली आणि भावही तिलाच जास्त. पण ती मांसाहारी आहे, लहान मासे खाऊनच ती वाढते. आणि ती चिवट आहे. तिला पाण्याबाहेरची हवा घेता येते, त्यामुळे बोडी आटली तरी तळाच्या ओल्या चिखलात ती दडून राहते. आम्हाला वाटलं होतं उन्हाळ्यात बोडी कोरडी झाली म्हणजे साफ झाली. तसं नसतं. तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्या, मग नांगर फिरवा. वरचा काळा गाळ काढून धानाच्या शेतात टाका, शेतकरी स्वतः बैलगाडी घेऊन येतील.

बोडी आटतच नसेल तर मोहाच्या बियांची पेंड वापरतात. आपल्याकडे मोह आहे, तेलघाणीवर पेंड मिळते. 1 गुंठा पाणी 1 मीटर खोल असेल तर 25 किलो, हे माप. 10 गुंठ्यांच्या बोडीत गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर पाणी असेल तर 125 किलो लागेल. रात्रभर भिजवून सकाळी सगळीकडे सारखी फेकायची. काही तासांत मासे वर येतात, ते जाळ्याने काढा, खायला चालतात. त्यानंतर मात्र निदान तीन आठवडे बीज टाकायचं नाही, नाहीतर तेही मरेल. तेवढे दिवस गुरांना त्या पाण्यावर सोडू नका. पेंडीचं पुढे खतच होतं, म्हणून पेंड टाकलेल्या बोडीला सुरुवातीचं शेण लागत नाही. कोणी शेतातली कीटकनाशकं वापरा असं सुचवेल. ती अजिबात नको. ते विष चिखलात राहतं आणि आपल्याच ताटात येतं.

पाणी येण्याच्या तोंडाला आणि सांडव्याला बारीक जाळी बसवल्याशिवाय हे सगळं वाया. पहिल्या मोठ्या पावसात मरळीची पिल्लं वरून आत येतात आणि आपलं बीज सांडव्यावरून बाहेर जातं. जाळीत पालापाचोळा अडकून पाळ फुटायची भीती असते, म्हणून बाहेरून एक मोठ्या भोकांची आणि आतून बारीक अशा दोन लावा. पावसाच्या दिवसांत रोज कोणीतरी जाऊन त्या साफ करायच्या. बाईची पाळी ठरवून द्या, "कोणीतरी जाईल" म्हटलं की कोणीच जात नाही.

चुना आणि शेण

पाऊस लागायच्या आधी कोरड्या तळावर गुंठ्याला 2 ते अडीच किलो चुना पसरा. त्याने गाळाचा आंबूसपणा जातो, रोगराई कमी होते. तोंडाला पदर, हाताला प्लास्टिकची पिशवी आणि वाऱ्याकडे पाठ, एवढं सांभाळा. आठवडाभराने गुंठ्याला 30 ते 40 किलो शेण. पुढे दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं.

शेण मासे खातात म्हणून टाकायचं नसतं. शेणाने पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव आणि शेवाळ वाढतं, मासे ते खातात. पाणी तयार झालं का, हे कळायला यंत्र नको. पाण्यात हात सरळ खाली घाला. कोपरापर्यंत हात गेल्यावर तळवा दिसेनासा झाला तर पाणी बरोबर आहे. कोपर बुडूनही तळवा स्पष्ट दिसतो तर पाण्यात खायला काही नाही, शेण कमी पडलं. मनगट बुडतंय तोवर तळवा गायब झाला तर पाणी फार हिरवं झालं, शेण आणि खाद्य दोन्ही थांबवा. आजी हे रोज करायच्या, आम्हीही करतो.

बीज

बोडीत तीन जातींचे मासे एकत्र राहू शकतात, कारण ते वेगवेगळ्या थरात खातात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. एकाच घरात तीन चुली असल्यासारखं आहे, भांडण नाही. 10 गुंठ्यांच्या बोडीत 500 नग पुरेत: 200 कटला, 150 रोहू, 150 मृगळ. म्हणजे गुंठ्याला 50. आम्ही टाकले होते दहा हजार! ते सगळे जगले असते तरी बोटाएवढेच राहिले असते. सायप्रिनस नावाचा मासा पुष्कळ लोक सुचवतात. तो वाढतो चांगला, पण तळ आणि पाळ उकरतो आणि बोडीतच अंडी घालून गर्दी करतो. मातीची पाळ कच्ची असेल तर नको. पाणवनस्पती फार असेल तर दहा-वीस गवत्या मासे टाका, ते गवत खाऊन टाकतात.

धानाचं बियाणं आपण घरचं ठेवतो, मग माशाचं दरवर्षी विकत का? कारण रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचा पूर लागतो. पूर्वी नदीतूनच बीज धरून आणायचे आणि त्यात कोणतेही मासे मिसळलेले असायचे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून तलावातच अंडी घालवली. आज बीज केंद्रांवर जे बीज मिळतं ते या शोधामुळे. 10 जुलै हा म्हणूनच देशात मत्स्य शेतकरी दिन असतो, आणि आपल्याकडे तेव्हाच बीजाचा हंगाम सुरू होतो.

बीजाचे तीन आकार लक्षात ठेवा. मत्स्यजिरे, म्हणजे जिऱ्याएवढं. त्यानंतर साधारण एक इंचाचं बीज. मग बोटुकली, आपल्या बोटाएवढी, 3 ते 4 इंचाची. थेट बोडीत टाकायची ती फक्त बोटुकली. जिरे लाखाच्या हिशेबाने स्वस्त मिळतात, कारण त्यांना आधी छोट्या, साफ केलेल्या खड्ड्यात वाढवायचं असतं आणि त्यातले बरेच मरतात. ते वेगळं कसब आहे, दोन वर्षं मासे केल्यावर त्याकडे जा.

घेताना काय बघायचं? बादलीत पाणी घेऊन हाताने गोल फिरवा. तरतरीत पिल्लं धारेच्या उलट पोहतात, अशक्त असतात ती धारेबरोबर वाहत जातात. कटल्याचं डोकं लहानपणीही मोठं आणि तोंड वर वळलेलं दिसतं. मिशा असलेलं पिल्लू दिसलं तर थांबा. आफ्रिकन मागूर, ज्याला थाई मागूर म्हणतात, त्याच्या पालनावर बंदी आहे आणि तो बाकी सगळं खाऊन टाकतो. मोजणी तुमच्या समोर करून घ्या. एक वाटी भरून घ्यायची, ती एक-एक करून मोजायची, मग तेवढ्या वाट्या. "मोजलेलंच आहे ताई" हे ऐकायचं नाही. पावतीवर जात, आकार आणि नग लिहून घ्या. पावती देत नसेल तर बीजही घेऊ नका.

बीज ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत येतं. पिशवी फोडून लगेच ओतू नका. बंद पिशवी 15-20 मिनिटं बोडीच्या पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी सारखं होतं. मग तोंड उघडून बोडीचं थोडं पाणी आत घ्या, पिशवी आडवी करा, पिल्लं आपणहून बाहेर जातील. हे सकाळी लवकर किंवा सांजेला करा, दुपारी नको.

खाद्य आणि पहाट

धानाचा कोंडा आपल्याकडे भरपूर. तो आणि पेंड (शेंगदाण्याची, जवसाची किंवा सरकीची) सारख्या वजनाने मिसळून, भोकं पाडलेल्या पोत्यात भरून, बांबूला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवा. मासे हवं तेवढं ओढून खातात, वाया जात नाही. रोजचं खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या शंभराला 2 ते 3 इतकं. सुरुवातीला 500 पिल्लं मिळून 10 किलो भरली तर रोज 300 ग्रॅम बस. महिन्यातून एकदा फेकजाळ्याने पंधरा-वीस मासे काढून तोलायचे आणि हिशेब नवा करायचा. पोतं दुसऱ्या दिवशी भरलेलंच दिसलं तर कमी करा.

दिवसभरात कधीही गेलात नाही तरी चालेल, पण पहाटे कोणीतरी पाळीवर गेलंच पाहिजे. भाद्रपदात तीन दिवस आभाळ होतं. आमच्या एका ताईंनी पहाटे फोन केला, "सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत." आम्हाला वाटलं भूक लागली. आजी म्हणाल्या, त्यांना दम लागलाय. शेवाळ दिवसा उन्हात पाण्यात ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र तेच ऑक्सिजन वापरतं. आभाळ असलं की पहाटेपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन संपत येतो. आम्ही सहा जणी काठावर उभ्या राहिलो, घमेल्यांनी पाणी वर उडवून पुन्हा पाडलं, आणि शेजारच्या शेतातल्या विहिरीचा पंप लावून नळीची धार उंचावरून बोडीत सोडली. दोन तास लागले. चाळीसेक मासे गेले, बाकी वाचले. तेव्हापासून आभाळ असलं की आम्ही शेण आणि खाद्य दोन्ही बंद ठेवतो.

पोहता येत नसेल तर एकटीने बोडीत उतरायचं नाही. प्लास्टिकचं शेततळं असेल तर आणखी जपा, त्या कागदावर पाय ठरत नाही आणि वर येता येत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडून ठेवा. पोरांना लांब ठेवा. चोरांसाठी पाण्यात बाभळीच्या काटेरी फांद्या टाका, रात्री कोणी जाळं ओढलं तर ते फाटतं. आपलं ओढजाळं लावायच्या आधी त्या मोजून काढा.

हिशेब, खरा

समजण्यासाठी आकडे धरते, आपल्या गावचा भाव घालून पुन्हा मांडा. 500 बोटुकलीतून 400 जगले, सरासरी 700 ग्रॅमचे झाले, म्हणजे 280 किलो. पाळीवर 120 रुपये भाव धरला तर 33,600 रुपये. बीजाचे 2,500, कोंडा-पेंड 500 किलो 25 रुपयांनी 12,500, चुना-शेण-जाळी-मजुरी 4,000. उरले 14,600. दहा बायकांत वाटले तर वर्षभराच्या राखणीचे एकेकीला 1,460 रुपये.

हे ऐकून बैठकीत सगळ्या गप्प झाल्या होत्या. पण हे आधीच कळलेलं बरं. 10 गुंठ्यांची बोडी दहा जणींचा धंदा नाही. ती दोन-तीन ताईंनी गटाकडून कर्ज घेऊन करावी. अख्ख्या गटाला करायचं असेल तर मोठी बोडी किंवा तीन-चार बोड्या मिळून घ्या. तेव्हाच जाळेवाला, बीजाची गाडी, तराजू यांचा खर्च वाटला जातो.

विक्रीबद्दल थोडंच. सगळे मासे एकाच दिवशी काढू नका, व्यापारी भाव पाडतो. अर्धा किलोच्या वरचे आधी काढा, मागे राहिलेल्यांना जागा मिळून ते वाढतात. पोळ्याची कर, धुळवड असे दिवस बघा, श्रावणात कोणी घेणार नाही. गावात आदल्या दिवशी सांगा, पाळीवरच तोला, तराजू गटाचा, उधारी नाही. उधारीचे मासे खाल्ले की विसरतात.

अनुदानाचं बैठकीत कोणीतरी विचारलंच होतं. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लाभार्थ्यांना ठरलेल्या प्रकल्प खर्चाच्या 60 टक्के आणि इतरांना 40 टक्के अनुदानाची तरतूद आहे. सध्या कोणत्या घटकाचे अर्ज सुरू आहेत ते जिल्ह्याच्या मत्स्य व्यवसाय कार्यालयात विचारा. किसान क्रेडिट कार्डावरही मत्स्यपालनासाठी खेळतं भांडवल मिळतं. मात्र अनुदान साधारण काम झाल्यावर येतं, आधी पैसे आपल्यालाच घालावे लागतात. ते कर्ज व्याजासकट पेलेल का, हे गटाच्या वहीत आधी मांडून पाहा.

जूनच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने तीन गोष्टी लिहून आणायच्या आहेत: बोडी किती गुंठ्यांची, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, आणि बोडीचा कागद कोणाच्या नावावर. बोटुकलीची मागणी सगळ्या गटांची एकत्र करून एकाच गाडीने आणू. मोजायला प्रत्येक गटाच्या दोन ताई सोबत येतील, आणि वाटी आपली असेल.